नामदेव मामांनी कॅमेरा उघडला नव्हता

मेलेल्या कॅमेऱ्याचा लिव्हर, म्हणजे रोल पुढे सरकवायची दांडी, अडकला.

मी पुन्हा ओढून पाहिला. अर्ध्यावर येऊन घट्ट. समोर स्टेजवर नवरा-नवरी, आणि दोघांच्या मधोमध रंगीत कागदात गुंडाळलेला प्रेशर कुकर धरून एक जाडजूड पाहुणे. पोट आत ओढून उभे होते. फ्लॅश उडेपर्यंत त्यांना श्वास सोडायचा नव्हता.

"काढा की राव," ते ओठ न हलवता म्हणाले.

माझ्या पाठीवरून घामाची धार निघाली. कारण त्या कॅमेऱ्यात रोल नव्हता. निदान माझ्या समजुतीप्रमाणे नव्हता. आणि ज्या कॅमेऱ्यात रोल नसतो, त्याचा लिव्हर कधी अडकत नाही. रोल संपला की मगच अडकतो.

हे लग्न लोणीतलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. लग्न उत्तम झालं. जोडपं आजही सुखात आहे. पण त्या लग्नाबद्दल एक खोटी गोष्ट आंबेगावच्या त्या भागात अजून सांगितली जाते, आणि ती माझ्या तोंडून निघालेली आहे. माझं वय आता सत्तरीच्या पुढे गेलं. डोळे गेले, धंदा गेला, ओतूरच्या एसटी स्टँडसमोरचा माझा स्टुडिओ गेला. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. गोष्ट मात्र जात नाही. म्हणून एकदा कागदावर लिहून टाकतो.

आधी रोल नसलेला कॅमेरा गळ्यात घालून मी काय करत होतो, ते सांगायला हवं. आमच्या धंद्यातल्या कुणी हे आपण होऊन सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

एका रोलमध्ये छत्तीस फोटो. पार्टी दोन रोल सांगायची. म्हणजे बहात्तर फोटोंत हळद, मिरवणूक, अंतरपाट, हार, सप्तपदी, पाठवणी सगळं बसवायचं. आणि लग्नाला माणसं यायची चारशे. प्रत्येकाला आहेर देताना नवरा-नवरीबरोबर फोटो हवा. नाही म्हटलं तर पाहुणा रुसणार. पाहुणा रुसला तर यजमान माझ्यावर रुसणार. म्हणून आम्ही दोन कॅमेरे ठेवायचो. एक जिवंत, त्यात रोल. दुसरा मेलेला, त्यात काही नाही. पण त्याचा खटका वाजायचा आणि फ्लॅश उडायचा. "इकडे बघा, हसा," लख्ख उजेड, पुढचे या. पाहुणा खूश, यजमान खूश, रोल शाबूत. महिन्याने कुणी फोटोची चौकशी केलीच तर "गर्दीत डोळे मिटले होते तुमचे" असं सांगायचं. डोळे मिटले नव्हते असं छातीठोक कोण सांगणार?

ही फसवणूक होती का? होती. आम्ही तिला पाहुण्यांचा मान ठेवणं म्हणायचो.

माझे दोन्ही कॅमेरे पुण्यातल्या एकाच दुकानातून जुने घेतलेले. सारखे काळे, सारखे खरचटलेले. ओळखायला मी जिवंत कॅमेऱ्याच्या पट्ट्याला लाल दोरा बांधला होता. आणखी एक खूण असते. लिव्हर ओढला की आत रोल असेल तर डावीकडची छोटी खुंटी फिरते. नसेल तर जागची हलत नाही. खुंटी बघायला एक सेकंद लागतो. हा सेकंद लक्षात ठेवा.

त्या वर्षी माझा धंदा डगमगायला लागला होता. पासपोर्ट फोटो आणि शाळेचे ग्रुप फोटो यांच्यावर घर चालत नव्हतं. नारायणगावात, जुन्नरात व्हिडिओ शूटिंगवाले आले होते. लोक आधी विचारायचे, "शूटिंग हाय का?" नाही म्हटलं की माझ्या खुर्चीवरून उठायचे. अशात लोणीचं काम आलं. नवरीचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, सुपारी देतानाच म्हणाले, "आमच्या भावकीत यंदा अजून चार लग्नं हायेत. ह्या लग्नाचे फोटो बघू आन् मग ठरवू." चार लग्नं म्हणजे माझ्या स्टुडिओचं एक वर्ष. मी आदल्या दिवशी दोन्ही कॅमेरे पुसून देवासमोर ठेवले होते. चपलेकडे मात्र बघितलं नाही.

नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला, आणि माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. मे महिन्यातली दुपार. लोणीचा तो रस्ता तव्यासारखा तापलेला. मी एका पायावर उड्या मारत घोड्याच्या पुढे पळत होतो आणि फोटो काढत होतो. बँडवाल्यांना वाटलं, फोटोग्राफर नाचतोय. त्यांनी चाल बदलून जलद केली. मागची पोरं माझ्याकडे बघून तशाच उड्या मारायला लागली. मांडवात पोचेपर्यंत अर्धी वरात एका पायावर नाचत होती.

मांडवाच्या तोंडाशी तात्यांनी मला गाठलं. कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, मामांना कायतरी काम द्या. तोंड बघा कसं झालंय."

नामदेव मामा म्हणजे नवरीचे मामा, अवसरी खुर्दचे बागायतदार. उंच, रुंद, मिशा भरघोस. त्यांचं तोंड फुगलं होतं, कारण नवरदेवाच्या मामाचा फेटा त्यांच्या आधी बांधला गेला होता. नवरीला मांडवात आणायचं मामांनीच. ते असे फुगून बसले तर लग्न अडायचं.

मी म्हणालो, "मामा, हे दोन्ही कॅमेरे जरा सांभाळता का? दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची हिंमत होत नाही."

मामांनी एकेका खांद्याला एकेक कॅमेरा लावला आणि छाती काढून उभे राहिले. चेहरा थोडा सैल झाला. त्याआधी दोनच मिनिटं मी जिवंत कॅमेऱ्यातला भरलेला रोल काढून नवा रोल घातला होता. आता मला चपलेसाठी दोरा हवा होता. इकडे तिकडे पाहिलं. मांडवभर फुलं, पानं, झिरमिळ्या, आणि बांधायला उपयोगी पडेल असं एकच काही माझ्या समोर होतं. मामांच्या खांद्यावरच्या पट्ट्याचा लाल दोरा.

सोडला आणि चप्पल बांधायला खाली बसलो. पाच मिनिटांत तर परत बांधायचाय, असं मनात म्हणालो.

"ह्ये कशाचं बटण?" वरून मामांचा आवाज.

"हात लावू नका मामा," मी मान खाली घालूनच म्हणालो.

तेवढ्यात भटजींनी मुहूर्ताची हाक दिली. मी उठलो, कॅमेरे घेतले, गळ्यात अडकवले. जिवंत उजवीकडे, मेलेला डावीकडे, अशी माझी नेहमीची सवय. मामांनी घेतले तसेच परत दिले. उजवं-डावं बघायचं काम माझं. खुंटी बघायचं काम माझं. मी बघितलं नाही. दोरा चपलेत होता.

पुढचा पाऊण तास मी आयुष्यातले सगळ्यात चांगले फोटो काढले, असं मला वाटत होतं. टेबलावर चढून अंतरपाट. जमिनीवर लोळून अक्षता. हार, कन्यादान, सप्तपदी. काउंटर, म्हणजे फोटो मोजणारा आकडा, चौतीसवर गेला तेव्हा मी तो कॅमेरा बाजूला ठेवला. दोन फोटो पाठवणीला राखून. मग "मेलेला" उचलला आणि पाहुण्यांचा मान ठेवायला स्टेजसमोर उभा राहिलो.

आणि कुकरवाल्या पाहुण्यांपाशी लिव्हर अडकला.

काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. मी फुकटचे पाहुणे एकेक करून जिवंत रोलवर टिपले होते आणि अख्खं लग्न रिकाम्या डब्यात घातलं होतं. काउंटरचा आकडा रोल नसला तरी पुढे सरकतो.

कुकरवाले निळे पडायला आले होते. मी फ्लॅशच्या पाठीवरचं बटण दाबून नुसताच उजेड पाडला. त्यांनी श्वास सोडला, कुकर दिला, समाधानाने खाली उतरले. पुढचे या.

आता मला कबूल करायचं आहे ते इथून सुरू होतं. पिशवीत जादा रोल होता. भटजी अजून जेवायला बसले नव्हते. मी खाली उतरून तात्यांना म्हणालो असतो, "चूक झाली, परत अंतरपाट धरा," तर शिव्या खाल्ल्या असत्या आणि पंधरा मिनिटांत काम झालं असतं. मी उतरलोही होतो. पण तात्या समोरूनच आले. त्यांच्याबरोबर भावकीतला एकजण.

"ह्येच ते फोटोवाले," तात्या त्याला म्हणाले. "काम बघितलं का? टेबलावर काय चढतोय, मातीत काय लोळतोय. तुमच्या पोरीच्या लग्नाला ह्यांनाच घ्या."

मी नमस्कार केला आणि पाठवणीचे चार फोटो जादा रोलवर काढले. नवरी रडत होती, तिची आई रडत होती. त्यांना निदान कारण सांगता येण्यासारखं होतं.

आठ दिवसांनी पुण्याच्या लॅबमधून प्रिंट आले. हळद छान. घोडा छान. पाहुणे तर इतके छान आले होते की काय सांगू. कुकरवाले एखाद्या मंत्र्यासारखे दिसत होते. पण त्या दुसऱ्या रोलचा पहिलाच फोटो पाहून मी गार पडलो. तो मी काढलेला नव्हता. फ्रेम तिरकी, अर्ध्यात मांडवाचा खांब, आणि खाली एक टकला माणूस उकिडवा बसून लाल दोऱ्याने चप्पल बांधतोय. टक्कल माझं.

मामांनी बटण दाबलं होतं. ते सेल्फ टायमरचं बटण. ते दाबलं की कॅमेरा दहा सेकंद कुर्र आवाज करतो आणि आपोआप फोटो काढतो. फोटोग्राफरला स्वतःच्या फोटोत यायचं असलं की उपयोगी. त्याने काही बिघडत नाही. उलट त्या लग्नात माझ्या कामाचा खरा पुरावा म्हणावा असा तो एकच फोटो होता. मी तो पिशवीच्या आतल्या कप्प्यात सारला आणि बाकीचे घेऊन लोणीची एसटी पकडली.

तात्यांच्या ओसरीवर चहा आला. तात्यांनी एकेक फोटो बघितला. मग पुन्हा बघितला.

"आन् लगीन?"

"तात्या, त्या रोलला उजेड लागला."

"म्हंजे?"

"रोल अंधारात ठेवायचा असतो. कॅमेऱ्याची मागची झडप उघडली की आत उजेड जातो आणि सगळे फोटो पुसले जातात."

इथपर्यंतसुद्धा ठीक होतं. झडप माझ्याकडून उघडली म्हणून मोकळा झालो असतो. पण तात्यांनी विचारलं, "कुनी उघडली?"

मी कपाकडे बघत म्हणालो, "मी तर नाही. कॅमेरा माझ्याकडेच होता सगळा वेळ. मध्ये पाच मिनिटं काय ते मामांकडे होता."

थेट आरोप केला नाही. सुटे सुटे पाहिले तर यातले बहुतेक शब्द खरेच होते. हे मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो.

निरोप गेला तसे दुसऱ्या दिवशी मामा आले. मलाही तात्यांनी थांबवून घेतलं होतं. मामा आरडाओरडा करतील, नाकबूल होतील, मग मी हळूच माघार घेईन, असा माझा बेत होता. मामा आले, पायरीवरच बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला.

"दाबलं व्हतं एक बटण," ते म्हणाले. "कुर्र वाजलं. मी हात काढला तर थांबंना. मला वाटलं बिघडलं. मग खट झालं आन् गप पडलं. मी कुनाला बोललो नाय. आठ दिस झोप नाय मला."

तात्यांची बायको, म्हणजे मामांची सख्खी बहीण, म्हणाली, "दादा, असा कसा रं तू?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

मामाच पुढे म्हणाले, "चूक माझी. परत लावू लगीन. माझ्या दारात. जेवान माझं."

आणि तीन आठवड्यांनी अवसरी खुर्दला मामांच्या खळ्यात ते लग्न पुन्हा लागलं, फक्त माझ्या कॅमेऱ्यासाठी. इतका आनंदाचा आणि इतका गोंधळाचा दिवस मी धंद्यात दुसरा पाहिला नाही.

पहिली अडचण नवरदेवाची. तो टेम्पोतून उतरला आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. मिशी नव्हती. घोड्यावरच्या फोटोत भरगच्च मिशी, आणि अंतरपाटामागे सफाचट.

"मिशी कुठंय पावणं?" मामांनी विचारलं.

नवरदेवाने बायकोकडे बोट दाखवलं. "तीच म्हनली काढा म्हणून."

"मला काय म्हायती परत लगीन लागनार हाय?" नवरी म्हणाली.

करवलीने काजळाची डबी आणली. मिशी काढली, तर एक बाजू वर गेली. ती पुसून परत काढली, तर दुसरी बाजू कानाकडे निघाली. शेवटी मामांनी स्वतःची मिशी समोर धरली, तिच्याकडे बघून मी रेखाटली. फोटोग्राफरला निगेटिव्हवर ब्रशने टचिंग करायची सवय असते, ती कामी आली. पण ऊन होतं. दर तीन फोटोंनी मिशी ओघळायची आणि नवरी पदराने टिपायची. मग दोघंही हसायची.

दुसरी अडचण भटजींची. "एकाच जोडप्याची मंगलाष्टकं दोनदा म्हणता येत नाहीत," ते म्हणाले. "मी नुसतं तोंड हलवीन." ते तोंड हलवायला लागले. साठ माणसं हातात अक्षता घेऊन उभी, आणि आवाज काहीच नाही. कधी टाकायच्या ते कळेना. एका म्हातारीला वाटलं आपल्याला ऐकू यायचं बंद झालं. ती घाबरून मोठ्याने म्हणाली, "आगं, मला कायच ऐकू येईना." तिच्या सुनेने कानात ओरडून सांगितलं, "भटजीच बोलंना, आत्या." मग ज्याला जसं वाटलं तसं त्याने अक्षता टाकल्या. अंतरपाट धरणारे दोघे इतके हसले की अंतरपाटच खाली आला.

आणि हार. मामांनी झेंडूचे दोन ताजे हार आणले होते. शेजारच्यांची मेंढरं खळ्याच्या कडेने चालली होती. त्यातली एक मेंढी पाटावरचा नवरीचा हार खाऊन गेली. उरला एक. मी म्हणालो, "काळजी नको." तो हार आधी नवरीने नवऱ्याला घातला, त्याचा फोटो काढला. मग काढून घेतला आणि नवऱ्याने नवरीला घातला, त्याचा काढला. अल्बममध्ये समोरासमोर लावले तर कुणाला कळत नाही. आजवर कळलेलं नाही.

मामांचा फेटा मात्र त्या दिवशी सगळ्यांच्या आधी बांधला. नवरीच्या मागे ते उभे राहिले ते असे, की जणू लग्न त्यांचंच आहे.

प्रत्येक फोटोआधी मी खुंटी बघत होतो. ती फिरत होती.

तो अल्बम तयार झाला आणि गावोगाव फिरला. तेव्हाच्या लग्नाच्या अल्बमांत नवरी खाली मान घालून, नवरा परीक्षेला बसल्यासारखा. आमच्या या अल्बममध्ये अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना खो खो हसू, भटजी हसतायत, अक्षता टाकणारे हसतायत. लोक म्हणायला लागले, "आमाला असं हसरं पायजे." आणि दुसरं म्हणजे लोणीतल्या पाहुण्यांना पहिल्यांदाच आपले आहेराचे फोटो मिळाले. कुकरवाल्यांनी मोठा करून फ्रेम केला. "हा फोटोवाला पावण्यांचे पन फोटो देतो," अशी माझी ख्याती झाली. भावकीतली चारही लग्नं मला मिळाली. व्हिडिओवाले आले, तरी पुढची आठ-दहा वर्षं माझा स्टुडिओ चालला तो या लग्नावर. तेव्हापासून मी मेलेला कॅमेरा वापरणं सोडलं. मोठं मन म्हणून नव्हे. भीतीने.

आणि नामदेव मामांचं नाव पडलं उजेडमामा. लग्नात फोटोची वेळ आली की कुणीतरी ओरडायचं, "मामांना जरा लांब बसवा." सगळे हसायचे. मामाही हसायचे. मी कॅमेऱ्यामागे तोंड लपवायचो. त्या कामी कॅमेरा फार उपयोगी पडतो.

सोळा वर्षं गेली. रोल संपले, लॅब बंद पडल्या, मी म्हातारपणी डिजिटल शिकलो. फोटोला रोल लागेना, पैसे लागेनात. सगळ्या पाहुण्यांचे फोटो निघायला लागले आणि ते बघणारं कुणी उरलं नाही. पाहुणे स्वतःच मोबाईल वर करून उभे राहायचे, त्यांच्या हातांच्या जंगलातून मला नवरी शोधावी लागायची. तरुण पोरं कॉम्प्युटरवर नवरा-नवरीला बर्फाच्या डोंगरात नेऊन बसवायची. मला ते जमेना. कामं कमी झाली. अशात मामांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं आणि मामांनी हट्टाने मलाच बोलावलं.

मंचरजवळच्या कार्यालयात लग्न लागलं. घरच्यांचा फोटो घ्यायचा म्हणून मी सगळ्यांना स्टेजवर उभं केलं. मामा नव्हते. शोधलं तर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या जारपाशी उभे.

"आबा, या की," मुलाने हाक मारली.

"घ्या उरकून तुमी," मामा म्हणाले. "मी जवळ आलो की कायतरी व्हतं. त्यांचं काम बिघडाया नको."

थट्टेत म्हणाले असतील असं मला वाटलं. पण नवी सून हळूच म्हणाली, "आबा खरंच कुठल्या बटणाला हात लावत नाहीत. टीव्हीचा रिमोट नाही, मोबाईल नाही. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टरसुद्धा गड्याला दाबायला लावतात म्हणे."

मी कॅमेरा स्टँडवर ठेवला आणि हॉल ओलांडून गेलो. तो जुना फोटो माझ्या पिशवीत होता. सोळा वर्षांत तीन पिशव्या बदलल्या होत्या, दर वेळी आतल्या कप्प्यातून आतल्या कप्प्यात. तो मामांच्या हातात दिला आणि जारपाशी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मेलेला कॅमेरा, दोरा, चप्पल, खुंटी, चहाचा रिकामा कप.

मामा फोटोकडे बघत राहिले. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"म्हंजे ते कुर्र वाजलं, त्यानं कायच झालं नाय?"

"काही नाही. त्याने हा फोटो निघाला."

"ह्यो मी काढला?"

"तुम्ही काढला."

"सोळा वर्सं," मामा म्हणाले, "मी विहिरीवर गड्याची वाट बघत बसतोय राव." मग फोटो जरा लांब धरला. "नीट आलाय की पन. तुमचं टक्कल काय चमकतंय."

"मामा, मला माफ करा."

"माफ नंतर बघू. आधी माईकवर सांगा."

मी माईकवर गेलो. तीनशे माणसांसमोर सगळं सांगितलं. सांगून झालं. मग पुढच्या रांगेतले तात्या, आता काठी टेकत, उठले आणि म्हणाले, "बघा. ह्याला म्हंतात मोठ्या मनाचा मानूस. मामाच्या पोराच्या लग्नात मामाची लाज राखायची म्हणून सगळं सोतावर घेतलं."

टाळ्या पडल्या. मी ओरडून सांगत होतो, नाही, खरंच मी. मामांनी पुरावा म्हणून तो फोटो वर धरला. तो हातोहात फिरला.

"ह्यो तुमी काढला मामा?"

"मीच काढला."

"म्हंजे बटण दाबलं व्हतं ना? झालं तर मग."

पुन्हा हशा. मामांनी माझ्याकडे बघितलं, मी मामांकडे. मग मामाही हसायला लागले, ते इतके की त्यांना खुर्ची द्यावी लागली. हसणं ओसरल्यावर त्यांनी माझा डिजिटल कॅमेरा मागितला. दिला. पुढचा अर्धा तास ते हॉलभर फिरून दिसेल त्या बटणाने दिसेल त्याचे फोटो काढत होते. पंखे, चपला, आचारी, तात्यांची काठी, माझं टक्कल. एकशे चाळीस फोटो. मी एकही पुसला नाही. सगळे अल्बमच्या सीडीत घालून दिले. घरच्यांच्या फोटोत मामा अगदी मधोमध आहेत, आणि विहिरीवरची मोटर दुसऱ्या दिवसापासून तेच चालू करायला लागले, असं सुनेने मला फोनवर कळवलं.

टक्कल आणि चपलेचा तो फोटो मामांच्या बाहेरच्या खोलीत फ्रेम करून लावलेला आहे. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, फ्रेमिंग वाईट आहे, फोकस उत्तम. नीट बघितलं तर बोटांत दोरा दिसतो, लाल. तोच तो दोरा. अवसरीला गेलात तर बघून या, म्हणजे निदान एकाला तरी पटेल.

लगेच खरं सांगितलं असतं तर लोक एक दिवस रागावले असते. सोळा वर्षांनी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना. बाकी या धंद्यात येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की लग्नाच्या कामाला जाताना चपलेसाठी दोरा वेगळा न्यावा.